अण्णा भजन म्हणतात, मग ‘पाणी’ का म्हणत नाहीत?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. कृष्णाकाठच्या एका गावातून हे पत्र लिहीत आहे. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, ६६ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, असे डॉक्टरांनी सांगितले. उजवा पाय आता बराच सुधारला आहे, उजवा हात अजून लुळा आहे आणि बोलणे मात्र गेले ते गेलेच. काहीही विचारले की ते ‘तेच, तेच’ एवढेच म्हणतात. आम्ही बोललेले त्यांना बरेचसे समजते. पाटीवर लिहायला सांगितले तर चांगल्या डाव्या हातानेही शब्द उमटत नाही. संध्याकाळी मंदिरात भजनाला नेले की मात्र ते अख्खे भजन स्वच्छ शब्दांत म्हणतात. त्या भजनात ‘पाणी’ हा शब्द आहे, तोही म्हणतात. घरी तहान लागल्यावर तोच शब्द येत नाही. ‘तीन सक किती?’ असे विचारले तर गप्प बसतात, पण तीनाचा पाढा सुरू करून दिला तर अठरा ओलांडून शेवटपर्यंत जातात. मांजराने दूध सांडले त्या दिवशी तर एक शिवीही अगदी स्पष्ट ऐकू आली. काका म्हणतात, ‘देवाचे बरे म्हणता येते, घरच्यांशीच बोलता येत नाही होय!’ ते अण्णांवर चिडतात आणि अण्णा रडतात.

मी मेंदूच्या भागांचा एक तक्ता मिळवून पाठ केला आहे. पुढचा भाग विचाराचा, बाजूचा ऐकण्याचा, मागचा पाहण्याचा, डावा तर्काचा आणि उजवा कलेचा. अण्णांचे काही त्यात बसत नाही. मेंदूचे हे भाग एकत्र काम कसे करतात, हे मी कसे शिकावे? आणि तालुक्याच्या गावी एक गृहस्थ ‘उजवा मेंदू जागृत करण्याचा’ वर्ग चालवतात. १८,००० रुपयांत अण्णा बोलू लागतील असे ते म्हणतात. पैसे भरावेत का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी जे घरात आजच सांगायला हवे ते लिहिते. अण्णा नाटक करत नाहीत. त्यांच्या अवस्थेला वाचाघात म्हणतात. बोलता न येणाऱ्या माणसाने पूर्ण भजन म्हणणे, पाढा शेवटपर्यंत नेणे, रागाच्या भरात शिवी देणे आणि नेहमीच्या बोलण्याच्या जागी एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे, ही चारही लक्षणे या आजारात एकत्र दिसू शकतात, आणि दीडशेहून अधिक वर्षे डॉक्टर त्यांची नोंद करत आले आहेत. वाचोपचाराच्या (स्पीच थेरपीच्या) कामात मी स्वतः अशी माणसे पाहिली आहेत आणि त्यांच्या घरचे तुमच्या काकांसारखेच चिडलेलेही पाहिले आहेत. काकांना मी दोष देत नाही, कारण जे कानांना ऐकू येते त्यावरून कोणाचाही तोच समज होईल. तो समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत अण्णा रडून मोजत आहेत, म्हणून हा परिच्छेद काकांना वाचून दाखवावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही पाठ केलेला तक्ता अगदीच खोटा नाही (शेवटची डाव्या-उजव्याची ओळ सोडून, तिच्याबद्दल पुढे लिहिते). डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीशी संबंधित भाग आहे, कानाच्या वरच्या भागात ऐकण्याचे काम होते, हे खरेच आहे. मात्र कोणता भाग कोठे आहे एवढेच त्या तक्त्यात लिहिलेले असते. एका भागाकडून दुसऱ्याकडे काय जाते, कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट तुटली तर काय होते, हे त्यात नसते. नेमके तेच अण्णांच्या बाबतीत घडले आहे. म्हणून माझा सल्ला असा की भागांच्या नावांपासून सुरुवात करू नये. एखादे साधे काम घ्यावे आणि ते मेंदूत कोठून निघून कोठे पोचते याचा माग काढावा. तुमच्यासाठी ते काम समोरच आहे, अण्णांना तहान लागते आणि त्यांना ‘पाणी’ म्हणायचे असते.

तहान मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागाजवळ ओळखली जाते, कारण रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की तेथील पेशींना ते कळते. अण्णांचा हा भाग शाबूत आहे. त्यांना तहान लागते आणि आपल्याला काय हवे आहे हेही ठाऊक असते. मग त्या हव्या असलेल्या वस्तूचा शब्द शोधायचा असतो. बहुतेक माणसांमध्ये हा शोध डाव्या गोलार्धाच्या, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या, बाजूच्या भागात, कानाच्या आसपासच्या पट्ट्यात होतो. शब्द सापडला की त्यातील ध्वनी क्रमाने मांडावे लागतात, आधी ‘पा’ आणि मग ‘णी’. या मांडणीत डाव्या कपाळामागचा खालचा भाग आणि त्याला मागच्या भागाशी जोडणारा चेतातंतूंचा कमानीसारखा जुडगा यांचा मोठा वाटा असतो. तेथून आज्ञा स्नायूंना हालचाल देणाऱ्या पट्टीकडे जाते. मेंदूच्या आत खोलवर असलेली केंद्रे, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, हालचाल सुरू करून देण्यास मदत करतात. लहान मेंदू तिची वेळ आणि नेमकेपणा सांभाळतो. मेंदूच्या देठातून निघालेल्या चेता ओठ, जीभ, टाळू आणि स्वरयंत्र हलवतात. आणि श्वास त्याच क्षणी बाहेर सोडावा लागतो. आपला आवाज कानावर पडला की तो ठीक आला का, हे पुन्हा तपासले जाते. निरोगी माणसाला एखाद्या परिचित वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारायला सुरुवात करण्यास साधारण अर्धा ते पाऊण सेकंद लागतो. एवढ्या वेळात हे सगळे होते, आणि तेही एकामागून एक रांगेने होत नाही. बरीच कामे एकाच वेळी चालतात आणि पुढच्या भागाकडून मागच्याकडेही खबर जात राहते.

या वाटेत अण्णांचे नुकसान कोठे झाले असावे, हे त्यांच्या लक्षणांवरूनच बरेचसे ताडता येते. नक्की जागा त्यांचा एमआरआय पाहून न्यूरॉलॉजिस्टच सांगतील, परंतु तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. पाय सुधारला, हात लुळा राहिला आणि वाचा गेली. मेंदूच्या प्रत्येक गोलार्धाच्या बाहेरच्या बाजूला मुख्यतः एक मोठी धमनी रक्त पुरवते, तिला मधली धमनी म्हणतात. हाताची आणि चेहऱ्याची हालचाल घडवणारा भाग आणि डाव्या बाजूला भाषेचे मुख्य भाग, हे सगळे तिच्याच पाण्यावरचे शेत आहे. पायाचा भाग दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत, आतल्या अंगाला असतो आणि त्याला रक्त दुसऱ्या धमनीकडून मिळते. म्हणून मधल्या धमनीत गुठळी अडकली की हात आणि वाचा बरोबर जातात आणि पाय तुलनेने वाचतो. हात आणि वाचा यांचा येथे संबंध जुळला तो एकाच कालव्यावरच्या शेजाऱ्यांसारखा. मेंदूतील कोणती कामे एकत्र बिघडतात हे कळण्यासाठी रक्तवाहिन्या पाहाव्या लागतात, आणि साध्या तक्त्यात त्या सहसा नसतातच.

पाटीवर डाव्या हातानेही शब्द उमटत नाही, ही तुमची दुसरी मोलाची नोंद आहे. केवळ जीभ आणि ओठ दुबळे झाले असते तर अण्णांनी पाटीवर ‘पाणी’ लिहून दाखवले असते. लेखनही गेले याचा अर्थ बिघाड तोंडाच्या बराच आधी, भाषेची जुळणी जेथे होते तेथे आहे. अनेक घरांतून ‘जिभेचे व्यायाम सांगा’ अशी मागणी येते ती याच गैरसमजातून.

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे पायाच्या गंभीर संसर्गामुळे एक रुग्ण आणला गेला. त्याचे आडनाव लबोर्न असे होते आणि तो त्या रुग्णालयात एकवीस वर्षे राहत होता. काहीही विचारले तरी तो ‘तॉं, तॉं’ एवढेच म्हणे, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. बोललेले त्याला बरेचसे कळत असे, आणि फार चिडला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक शिवी बाहेर पडत असे. हे वाचताना तुम्हाला अण्णांचे ‘तेच, तेच’ आणि सांडलेले दूध आठवेल. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली तेव्हा डाव्या कपाळामागच्या खालच्या भागात मोठे नुकसान दिसले. तेव्हापासून तो भाग ब्रोकांच्या नावाने ओळखला जातो आणि अनेक तक्त्यांत त्याच्यावर ‘बोलणे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ब्रोकांनी तो मेंदू कापला नाही, अखंड जपून ठेवला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००७ साली, संशोधकांनी त्याचे एमआरआय चित्रण केले, आणि इजा त्या पृष्ठभागावरच्या ठिकाणापुरती नव्हती, ती बरीच खोल गेलेली होती, पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणारे तंतूंचे जुडगेही तिच्यात नष्ट झाले होते, असे आढळले. ज्या रुग्णावरून ‘एक भाग, एक काम’ ही समजूत पक्की झाली, त्याच्याच डोक्यात केंद्राबरोबर रस्तेही तुटलेले होते. मेंदू शिकू पाहणाऱ्या कोणालाही मी ही गोष्ट आधी सांगते, कारण ती कळली की तक्त्याकडे पाहण्याची नजर बदलते.

आता भजनाकडे येते. एकोणिसाव्या शतकातच ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश डॉक्टरांनी एक भेद लक्षात आणून दिला होता. काही बोलणे आपण त्या क्षणी नवे घडवतो, म्हणजे काय हवे ते ठरवतो, शब्द निवडतो, ते जुळवतो. काही बोलणे आपोआप येते, कारण ते हजारदा म्हणून पक्के बसलेले असते: आरती, प्रार्थना, पाढे, आठवड्याचे वार, ‘अरे देवा’, शिवी. दोन्ही वेळा ओठ तेच हलतात आणि कानाला शब्दही तोच ऐकू येतो, पण मेंदूतील उगम निराळा असतो. भजनातला ‘पाणी’ हा शब्द अण्णा निवडत नाहीत. आधीच्या शब्दाने तो ओढून आणलेला असतो, जशी साखळीची एक कडी ओढली की पुढची आपोआप येते. तहानेच्या वेळी मागे ओढणारी कडी नसते, तो शब्द शोधूनच आणावा लागतो, आणि शोधाची वाट बंद आहे. ‘तीन सक’ विचारल्यावर गप्प राहणारे अण्णा ‘तीन एके तीन’पासून निघाले की अठरापर्यंत पोचतात, तेही याच कारणाने. एका शिक्षकाने आयुष्यभर वर्गाकडून म्हणून घेतलेला पाढा किती खोल बसलेला असेल, याचा विचार करावा.

हा निराळा उगम कोणता? आपोआप येणाऱ्या बोलण्यात उजवा गोलार्ध आणि आतली बेसल गँग्लियाची केंद्रे यांचा मोठा वाटा आहे, असे मानण्यास चांगला आधार आहे. १९९३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अण्णांच्या अगदी उलट स्थितीतील माणसाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हिब्रू आणि फ्रेंच या दोन भाषा बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या उजव्या बाजूच्या बेसल गँग्लियाला इजा झाली होती. ते नेहमीसारखे संभाषण करत, परंतु जन्मभर म्हणत आलेल्या प्रार्थना त्यांना म्हणता येईनात. एकाची प्रार्थना राहिली आणि बोलणे गेले, दुसऱ्याचे बोलणे राहिले आणि प्रार्थना गेली. या दोन माणसांना शेजारी बसवून पाहिले की दोन वाटा वेगळ्या आहेत हे कोणालाही पटेल. काकांनाही पटेल, असा मला विश्वास वाटतो.

चालीचाही वाटा आहे, पण किती, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. सूर ओळखण्यात आणि गाण्यात उजवा गोलार्ध पुढे असतो, तरी गाताना दोन्ही गोलार्ध राबतात. २०११ साली जर्मनीत वाचाघाताच्या १७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की सुरापेक्षा ताल आणि आधीपासून पाठ असलेले शब्द यांचीच मदत अधिक होत होती, आणि ज्यांच्या बेसल गँग्लियाला इजा होती त्यांना तालाची गरज विशेष भासत होती. भजनात टाळ आणि मृदंग असतात, शब्द पाठ असतात आणि बरोबर म्हणणारी माणसेही असतात. अण्णांना लागणारे सगळे टेकू त्या मंदिरात एकाच वेळी मिळतात.

‘रस्ता’ म्हणजे काय हे तुम्हाला आणखी स्पष्ट व्हावे म्हणून वाचनाचे उदाहरण देते, कारण जोडणी तुटल्याचा इतका निखळ दाखला दुसरा मला माहीत नाही. पॅरिसमध्येच ज्यूल देजेरीन या मेंदूतज्ज्ञांनी १८९२ साली एका निवृत्त व्यापाऱ्याचा वृत्तान्त मांडला. या गृहस्थांना एके दिवशी अचानक वाचता येईनासे झाले. बोलणे ठीक होते, नजर वस्तू ओळखत होती, आणि लिहिणेही चांगले होते; मात्र स्वतः लिहिलेला मजकूर थोड्या वेळाने त्यांना स्वतःलाच वाचता येत नसे. अक्षराच्या आकारावरून हात फिरवला की ते अक्षर ओळखत. त्यांच्या मृत्यूनंतर पाहिले तर डाव्या गोलार्धाचा मागचा, पाहण्याचा भाग गेलेला होता, आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्याचे, म्हणजे कॉर्पस कॅलोझमचे, मागचे टोकही गेलेले होते. उजव्या बाजूचा पाहण्याचा भाग अक्षरे पाहत होता, डाव्या बाजूचा भाषेचा भाग अक्षरांचा अर्थ जाणत होता, पण पाहिलेले अक्षर भाषेपर्यंत पोचवणारा पूल नव्हता. कृष्णेला महापूर येऊन पूल बंद होतात तेव्हा अलीकडच्या गावात दूध असते, पलीकडच्या गावात लेकरे दुधाची वाट पाहत असतात, आणि दोन्ही गावे धडधाकट असूनही चहा काळाच प्यावा लागतो. हे तुम्ही अनुभवलेले असेल.

आपल्या लिपीत तर वाचनाला आणखी एक पदर आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात तिचा स्वर नंतर येतो. ‘कु’चा उकार खाली, ‘के’ची मात्रा वर. देवनागरी वाचताना डोळ्यांना चारही दिशांची मांडणी सोडवावी लागते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देवनागरी वाचताना डावीकडच्या भाषेच्या भागांबरोबर जागेचे भान ठेवणारा उजव्या बाजूचा भागही कामाला लागतो, असे दाखवले आहे. वाचन डाव्या मेंदूचे की उजव्याचे, हा प्रश्न मराठी माणसाच्या बाबतीत तर उभाच राहत नाही.

आणि येथेच त्या १८,००० रुपयांच्या वर्गाचे उत्तर आहे. पैसे भरू नयेत. अपस्मारावर इलाज म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत काही रुग्णांच्या मेंदूतील दोन गोलार्धांना जोडणारा तो पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोझम, शस्त्रक्रियेने कापला गेला आणि रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांचा अभ्यास केला. स्पेरींना त्यासाठी १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा रुग्णाच्या डाव्या दृष्टिक्षेत्रात चमच्याचे चित्र दाखवले तर तोंडाने तो ‘काही दिसले नाही’ म्हणे, आणि डाव्या हाताने नेमका चमचा उचलून दाखवी, कारण डावीकडचे दृश्य आणि डावा हात उजव्या गोलार्धाकडे असतात आणि बोलणारा गोलार्ध डावा असतो. ज्यांचा पट्टा कापलेला होता अशा माणसांवरचे हे निष्कर्ष लोकांनी पट्टा शाबूत असलेल्या सर्वांना लावले आणि ‘डावा तर्काचा, उजवा कलेचा’ ही समजूत पसरली. २०१३ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात १,०११ जणांच्या मेंदूची चित्रणे तपासली गेली. काही कामे एका बाजूला अधिक झुकलेली आढळली, पण अख्खा माणूसच ‘डाव्या मेंदूचा’ किंवा ‘उजव्या मेंदूचा’ असल्याचे काही दिसले नाही. अण्णांचा उजवा मेंदू झोपलेला नाही, त्याला जागवण्याचा प्रश्न नाही. तो रोज संध्याकाळी भजन म्हणतो आहे. आजाऱ्याच्या घरची आशा हेरून असे पैसे मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तेवढ्या रकमेत वाचोपचाराच्या बऱ्याच बैठका होऊ शकतील.

सात महिने झाले, आता काय उपयोग, असे कोणी म्हणेल. झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरे आहे. त्याचे एक कारण असे की इजा झालेल्या जागेपासून दूर असलेले, स्वतः शाबूत असलेले भागही नेहमीची खबर येणे बंद झाल्यामुळे काही काळ मंदावतात. कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव या मेंदूतज्ज्ञांनी १९१४ साली हे मांडले आणि पुढे मेंदूची चित्रे काढता येऊ लागल्यावर ते प्रत्यक्ष दिसलेही. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला आघात झाला की लहान मेंदूच्या विरुद्ध बाजूचे काम मंद पडलेले आढळते. हे दूरचे भाग हळूहळू सावरतात. त्यानंतर इजेच्या काठावरचे भाग आणि काही प्रमाणात उजव्या गोलार्धातील जोडीचे भाग सरावाने काम उचलतात, आणि हे पुढे वर्षानुवर्षे चालू शकते. २०१७ साली जर्मनीतील एका अभ्यासात, झटका येऊन सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटलेल्या १५६ रुग्णांना तीन आठवडे किंवा अधिक काळ, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिले गेले, तेव्हा त्यांच्या रोजच्या संवादात सुधारणा झाली. ते सगळे सत्तरी किंवा त्याखालचे होते. अण्णांचे वय त्यातच बसते. पूर्वीसारखे सगळे बोलणे परत येईल असे आश्वासन मी देणार नाही. दहा-वीस उपयोगाचे शब्द मिळाले तरी घरातला दिवस बदलतो, हे मी पाहिले आहे.

म्हणून जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात वाचोपचारतज्ज्ञ आहेत का, याची चौकशी आधी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. दोन्ही ठिकाणी या विषयाचे जाणकार आहेत. तपासणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरावा. तालावर आणि साध्या चालीवर छोटी वाक्ये म्हणवून घेण्याची एक उपचारपद्धती १९७३ साली बॉस्टन येथील तज्ज्ञांनी मांडली, तिच्याबद्दल तुमच्या वाचोपचारतज्ज्ञांना अवश्य विचारावे. त्यात रोजच्या गरजेचे एखादे वाक्य, समजा ‘चहा दे’, दोनच सुरांत, संथपणे म्हणतात आणि रुग्णाच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला एक ठोका देतात. आधी दोघांनी मिळून म्हणायचे, मग मदत करणाऱ्याने आपला आवाज हळूहळू काढून घ्यायचा, आणि शेवटी चालही सोडून वाक्य नेहमीच्या बोलण्याकडे आणायचे. भजन म्हणणे आणि हे करणे यांत फरक आहे. भजन कितीही म्हटले तरी त्यातला ‘पाणी’ आपणहून स्वयंपाकघरात येत नाही. गरजेचे वाक्यच तालावर घ्यावे लागते. तरीही मंदिरात जाणे थांबवू नये. तेथे अण्णा चारचौघांसारखे असतात, आणि आजारी माणसाला तेवढ्यासाठीही जावेसे वाटते.

घरी बोलताना एका वेळी एकच प्रश्न विचारावा, ‘काय हवे?’ असे न विचारता तांब्या आणि कप समोर धरून ‘पाणी की चहा?’ असे विचारावे, आणि मनात दहापर्यंत आकडे मोजून होईपर्यंत उत्तराची वाट पाहावी. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून तोंडच्या शब्दापेक्षा बोटाने दाखवलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावा. नातवंडांसमोर ‘म्हणा, म्हणा’ असा तगादा लावू नये. आयुष्यभर वर्ग घेतलेल्या माणसाला तो फार लागतो.

तुमच्या शिकण्यासाठी एक वही करावी. अण्णांनी कोणता शब्द कधी उच्चारला, त्याआधी कोण काय म्हणाले होते, शब्द पाठ असलेल्या ओळीतून आला की नव्याने, ताल चालू होता का, राग किंवा हसू होते का, हे रोज दोन-चार ओळींत लिहावे. पहिल्या पानावर ‘तीन सक’ची गोष्ट तारखेसह लिहावी आणि पहिल्या भेटीत ती वही वाचोपचारतज्ज्ञांना दाखवावी. काकांना भजनाच्या वेळी अण्णांच्या डाव्या हाताशी बसवावे आणि तो हात टाळाच्या ठेक्यावर हलतो का, हे पाहण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे.